भरावाची माती : दाबली, पण मोजली काय?



आम्ही व्यवसायाने बँकेतील लिपिक आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तेव्हा बांधकामावरील मातीच्या घनतेसारख्या विषयावर आम्ही लेखणी उचलावी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि या विषयाची शिकवणी आम्ही फी भरून घेतलेली आहे आणि ती फी अजून दरमहा आमच्या पगारातून वळती होते. आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेचे जोते लवकरच भरले जाणार आहे. सभासदांच्या वर्गणीचे पैसे त्या भरावात जाणार आहेत. म्हणून आमच्यावर जे गुदरले ते आणि त्यानंतर जे समजून घेतले ते येथे मांडीत आहोत. विद्यार्थी मित्रांना यात थोडे विज्ञानही सापडेल.

आमचा प्लॉट जळगाव शहराबाहेरचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिथे कपाशी आणि केळी उभी असे, अशी बिनशेती झालेली जमीन. गृहकर्ज काढले, पाया घेतला, मे महिन्यात जोत्याच्या भिंती उभ्या राहिल्या. रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो आणि घरे खड्ड्यात जातात, हा सर्वांचा अनुभव असल्याने जोते साडेतीन फूट ठेवले. दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊन सारे जोते भरून गेले. मग मिस्त्रीने रबरी नळी सोडून दोन रात्री पाणी भरले आणि आम्हांस म्हणाला, "साहेब, पाणी पिऊन माती बसली. आता वर हत्ती नाचवा." दिवाळीपूर्वी फरशी झाली, वास्तू सजली, पाहुणे जेवून गेले.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या मुलीची पेन्सिल टेबलाखाली पडली की नेमकी एकाच कोपऱ्यात जाऊन थांबू लागली. आम्ही हसलो. श्रावणात भिंतीलगतची स्कर्टिंग जागेवर राहिली आणि फरशी तिच्यापासून बोटभर खाली गेली. फरशीवर टिचकी मारली तर घागरीसारखा आवाज येई. शेवटी फरशी आणि तिच्याखालचे काँक्रीट उकरले, तेव्हा खाली मनगटापर्यंत हात जाईल एवढी पोकळी होती. भिंती ठीक होत्या, कारण त्या खोल पायावर होत्या. बसला होता तो केवळ भराव. दुरुस्तीला कर्जाच्या सहा हप्त्यांइतका खर्च आला.

गंमत अशी की, गृहकर्जाच्या फायली आम्ही अनेक वर्षे हाताळीत आलो आहोत. खरेदीखत, सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, इंजिनिअरचे इस्टिमेट, मूल्यांकनाचा अहवाल. यांतला एक कागद कमी असला तर आम्ही ग्राहकाला परत पाठवितो. परंतु ज्या मातीवर ही सारी रक्कम उभी राहणार तिच्याविषयीचा एकही कागद साध्या घराच्या फायलीत आम्ही पाहिलेला नाही आणि स्वतःच्या घरासाठीही मागितला नाही. असो.

आमचे एक मावसभाऊ धुळ्याला रस्त्याच्या कामावर गुणनियंत्रणाचे काम करतात. त्यांनी उकरलेला भराव पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, थर किती केले होते?" आम्ही म्हटले, थर कसले, सारे एकदमच भरले. ते म्हणाले, "मग माती दाबलीच नाही. नुसती ओतली."

भरावात माती, ओलावा आणि हवा अशा तीन वस्तू असतात. ट्रॉलीतून पडलेल्या सैल मातीत हवेचा वाटा फार मोठा असतो. दाबणे म्हणजे ठोकून किंवा रोलर फिरवून ही हवा बाहेर घालविणे. पाणी नुसते सोडले की वाळूसारखे सुटे दाणे काही अंशी जवळ येतात, हे खरे. पण चिकण मातीचा अंश असलेला मुरूम आणि काळ्या मातीची ढेकळे यांवर नुसत्या पाण्याने हे काम होत नाही. ढेकूळ वरून ओले दिसते, आतून कोरडेच राहते. ढेकळाढेकळांमधल्या पोकळ्या तशाच टिकतात आणि पुढे केव्हातरी पावसाचे किंवा न्हाणीघराच्या गळतीचे पाणी मुरले की ढेकळे विरघळून पोकळीत ढासळतात. आमच्या घरी हेच झाले होते. भरावात विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती आणि चिलमीच्या खड्यापासून नारळाएवढी ढेकळे असा सारा संसार निघाला.

दुसरी गोष्ट थराची. धुमस असो की रोलर, त्याचा ठोका काही इंचच खाली पोचतो. साडेतीन फुटांच्या ढिगावर वरून कितीही धुमस मारली तरी वरचा वीतभर टणक होतो आणि खाली सारे सैलच राहते. वर चालून पाहणाऱ्याला मात्र पाय रुतत नाही म्हणून समाधान वाटते. यासाठी जोत्यातला भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी घालायचा, प्रत्येक थर भिजवून ठोकायचा आणि तो पुरेसा दाबला गेल्याची खात्री झाल्याखेरीज पुढची ट्रॉली उतरवायची नाही.

ही खात्री कशी करायची, हाच या लेखाचा गाभा आहे.

आपल्या शेतकरी आजोबांना यातले अर्धे ज्ञान होते. खळे तयार करताना ते जमीन भिजवीत, पण लगेच बैल घालीत नसत. चिखल आटून वाफसा आला की मगच मधल्या तिवड्याभोवती बैल फिरवून खळे तुडवीत. कोरड्या मातीवर बैल फिरविले तर धूळ उडेल आणि चिखलात फिरविले तर खुरांचे खड्डे पडतील, हे त्यांना ठाऊक होते. घरातल्या बाईला तर हे रोजचेच. भाकरीच्या पिठाला पाणी कमी पडले की भाकरी कडेला फाटते, जास्त झाले की परातीला चिकटते. नेमके किती हे हाताला कळते. पण हाताला कळलेले कागदावर उतरत नाही आणि ठेकेदाराचा हात व मालकाचा हात यांत वाद झाला तर निवाडा कोण करणार?

हा निवाडा आकड्यात आणण्याचे श्रेय अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा विभागातील राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याकडे जाते. मातीची धरणे बांधताना आलेल्या अनुभवावरून त्यांनी १९३३ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. तिला आजही जगभर प्रॉक्टर चाचणी म्हणतात. भारतीय मानकात ती आयएस २७२० च्या सातव्या भागात आहे. हजार घन सेंटिमीटर मापाच्या लोखंडी साच्यात माती तीन थरांत भरायची. प्रत्येक थरावर २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटिमीटर उंचीवरून २५ वेळा पाडायचा. मग वजन करून आणि ओलावा वजा करून कोरड्या मातीची घनता काढायची. हीच क्रिया त्याच मातीत थोडेथोडे पाणी वाढवीत पाच-सहा वेळा करायची.

पाणी वाढेल तशी घनता आधी वाढत जाते, कारण पाण्यामुळे कण एकमेकांवरून सरकून जवळ बसतात. एका ठिकाणी ती सर्वांत जास्त होते. त्यापुढे पाणी वाढविले तर घनता उतरू लागते, कारण आता कणांची जागा पाणीच अडविते आणि ठोक्याच्या क्षणभरात पाणी मातीतून बाहेर जाऊ शकत नाही. आलेख काढला तर टेकडीसारखी रेघ मिळते. टेकडीचा माथा म्हणजे त्या मातीची कमाल शुष्क घनता आणि त्या माथ्याखालचा ओलावा म्हणजे, आमच्या शब्दांत, ठोक्याचा वाफसा. मुरमाला तो साधारण ८ ते १४ टक्के लागतो, तर काळ्या मातीला २० टक्क्यांच्या वर. सर्व भरावांना एकच पाण्याचे माप लावणारा मिस्त्री म्हणूनच फसतो.

जड वाहने पेलणाऱ्या रस्त्यांसाठी याच चाचणीची थोरली बहीण वापरतात. तीत ठोकळा ४.९ किलोचा, उंची ४५ सेंटिमीटर आणि थर पाच. ठोकण्याचा जोर धाकटीच्या साडेचार पट होतो, साहजिकच घनता जास्त येते. म्हणून अहवाल हातात आल्यावर तुलना कोणत्या चाचणीशी केली आहे हे आधी पाहावे. हलक्या चाचणीचे ९५ टक्के आणि भारी चाचणीचे ९५ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेत माथा कळला. आता प्रत्यक्ष जागेवर किती साधले हे पाहायचे. दगड-खडे नसलेल्या चिकण मातीत धारदार काठाचे लोखंडी नळकांडे ठोकून माती काढतात. त्याचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि उंची १३ सेंटिमीटर असते. मुरमात मात्र खडा आडवा येतो आणि नळकांडे शिरत नाही. तेथे वाळूची युक्ती कामास येते. आमच्या मावसभावाने आमच्याच हॉलमध्ये शिल्लक भरावावर ती करून दाखविली, तिचे आकडे आम्ही वहीत टिपून ठेवले आहेत.

त्यांनी मधोमध गोल भोक असलेली पत्र्याची चौकोनी थाळी भरावावर ठेवली आणि भोकातून वीतभर खोल खड्डा कोरून निघालेली माती कणभरही न सांडता पिशवीत घेतली. तिचे वजन भरले १,८८४ ग्रॅम. खड्डा वेडावाकडा, त्याचे आकारमान पट्टीने कसे मोजणार? तर खाली तोटी असलेल्या नळकांड्यातून एकसारख्या दाण्यांची कोरडी, चाळलेली वाळू त्या खड्ड्यात सोडायची. या वाळूचे एका घन सेंटिमीटरचे वजन आधी ठरवून घेतलेले असते. आमच्या वाळूचे १.४५ ग्रॅम होते. खड्ड्यात वाळू मावली १,७४० ग्रॅम, म्हणजे खड्डा १,२०० घन सेंटिमीटरचा. १,८८४ ला १,२०० ने भागले, ओल्या मातीची घनता १.५७ आली. ओलावा ८ टक्के निघाला, तो वगळून कोरडी घनता १.४५. त्या मातीची प्रयोगशाळेतील कमाल घनता होती १.८०. भागाकार केला तर उत्तर ८१ टक्के.

बँकेत दिवसअखेर रोख जुळली नाही तर कोणी घरी जात नाही. येथे शंभरातले एकोणीस जुळत नव्हते आणि आम्ही त्यावर फरशी घालून वर्षभर निवांत झोपलो होतो.

ओलावा मोजण्याची एक गमतीची रीत सांगून पुढे जाऊ. शास्त्रशुद्ध पद्धत अशी की, माती भट्टीत १०५ ते ११० अंशांवर चोवीस तास ठेवून वाळवायची. पण तोवर कामावर रोलर थांबून राहणार, म्हणून एक बंद धातूचा डबा वापरतात. त्यात मोजकी माती आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड टाकून हलवायचे. मातीतील पाणी आणि कार्बाइड मिळून ॲसिटिलीन वायू तयार होतो, त्याच्या दाबाने डब्याच्या तबकडीवरचा काटा सरकतो आणि काही मिनिटांत ओलावा कळतो. केळीच्या आमच्या जिल्ह्यात कार्बाइडचे नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. फळे पिकविण्यासाठी त्याच्या वापरास कायद्याने बंदी आहे. त्याचा हा सज्जन उपयोग मात्र आम्हांस या निमित्ताने कळला. एवढे लक्षात ठेवावे की, डबा ओल्या मातीच्या वजनावर टक्केवारी सांगतो, ती कोरड्या वजनावर बदलून घ्यावी लागते.

बदलीच्या निमित्ताने आम्ही जळगाव-धुळे रस्त्याने एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा प्रवास शेकडो वेळा केला. पूर्वी सहा क्रमांकाचा असलेला आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा हा महामार्ग. कोणत्याही रस्त्याने जा, पुलावर चढताना आणि उतरताना बसला जो दणका बसतो तो प्रत्येक प्रवाशाच्या कमरेला ठाऊक आहे. पूर्वी आम्ही त्याबद्दल ड्रायव्हरला दोष देत असू. वस्तुतः पूल खडकावर किंवा खोल पायावर उभा असतो, तो खाली जात नाही. त्याला लागून असलेला उंच मातीचा भराव मात्र वर्षानुवर्षे थोडाथोडा बसतो. पुलाच्या भिंतीला अगदी खेटून मोठा रोलर चालविता येत नाही, त्यामुळे नेमकी तीच जागा कच्ची राहण्याचा संभव असतो. तेथे लहान यंत्राने, पातळ थरांनी दाबावे लागते आणि चाचणीचे खड्डेही तेथेच घ्यावे लागतात. घराच्या जोत्यातही भिंतीलगतचे कोपरे असेच फसवे. आमची फरशी प्रथम कोपऱ्यातच गेली, हे वर आलेच आहे.

येथवर भराव बसण्याची गोष्ट झाली. खान्देशात दुसरे आणि नेमके उलटे संकट आहे ते फुगण्याचे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेल्या आपल्या कपाशीच्या मातीत असे चिकण खनिज असते की, ते पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते. धुळ्याकडे डोंगर जवळ असल्याने बऱ्याच ठिकाणी मुरूम लवकर लागतो. तापीच्या खोऱ्यात जळगावकडे मात्र काळ्या आणि गाळाच्या मातीचे थर खोल आहेत. येथे आमचा एक गैरसमज मावसभावाने दूर केला. आम्हांस वाटले, काळी माती चांगली ठोकून घट्ट केली की झाले. ते म्हणाले, "उलट आहे दादा. कोरडी असताना खूप ठोकलेली काळी माती पाणी लागले की जास्तच उसळते." म्हणजे घनतेचा आकडा ९८ आला तरी तो काळ्या मातीच्या भरावाला अभय देत नाही. महामार्गांच्या सरकारी निकषांत अशा फुगणाऱ्या मातीला रस्त्याच्या वरच्या थरात जागाच नाही.

माती फुगणारी आहे की नाही, हे पाहण्याची चाचणी इतकी सोपी आहे की, ती आपल्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर करावी. माती वाळवून, कुटून, अगदी बारीक चाळणीने चाळावी. दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या कराव्यात. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या घेऊन एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरावे, प्रत्येकीत एक पुडी टाकून ढवळावे म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल, आणि चोवीस तास तसेच ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये माती १० च्या खुणेपर्यंत बसली आणि पाण्यात १८ पर्यंत आली, तर फुगवटा ८० टक्के. तो ५० च्या वर गेला की ती माती भरावाला नको. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण प्रयोगापुरते मिळविता येते.

अशा जमिनीवर घर बांधूच नये असे नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले खांब-पाये विकसित केले. ऋतुमानाप्रमाणे हलणारा थर ओलांडून ते खालच्या स्थिर थरात घर रोवून ठेवतात. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा दाबलेला थर घालण्याची पद्धत अभ्यासाने सिद्ध केली. तिचा उपयोग कालव्यांच्या कामात झाला. सामान्य घराला निदान जोत्याखालची काळी माती शक्य तेवढी काढून तिथे मुरूम घालणे आणि घराभोवती पाणी साचू न देणे एवढे करता येते. नेमके किती खोल काढायचे ते इंजिनिअरने जागा पाहून ठरवावे, आमच्यासारख्याने नव्हे.

आता अहवाल वाचण्याविषयी दोन शब्द, कारण कागद पाहण्याचे काम आम्हांस जमते. दहा ओळींत दहाही ठिकाणी ९७.२ असा एकच आकडा असेल तर ती मोजणी नसून नक्कल आहे असे खुशाल समजावे. खरी माती इतकी शिस्तीची नसते. आकडा १०४ किंवा १०६ असेल तर आनंदून जाऊ नये. बहुधा प्रयोगशाळेत गेलेली माती एका खाणीची आणि भरावात पडलेली दुसऱ्याच खाणीची असते. मुरमाची खाण बदलली की प्रॉक्टर चाचणी नव्याने करावी लागते, हे ठेकेदार सांगत नाही. चाचणीची जागा त्याला निवडू देऊ नये, तो ट्रॅक्टरच्या चाकाखालचा टणक पट्टाच दाखवील. आणि वरच्या थरावरची एकच चाचणी म्हणजे पासबुकाचे शेवटचे पान पाहून वर्षाचा हिशेब तपासण्यासारखे आहे. हातात काहीच साधन नसेल तर अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी सळई हाताने दाबून पाहावी. ती लोण्यात सुरी शिरावी तशी गेली तर काम तिथेच थांबवावे. मात्र सळई आत गेली नाही यावरून माती पास झाली असे होत नाही.

आमचे घर मावसभावाच्या देखरेखीखाली पुन्हा भरले. सारा जुना भराव काढला, ढेकळे आणि पोती बाहेर टाकली, एकाच खाणीचा मुरूम आणला, सहा-सहा इंचांचे थर केले आणि इंजिनावर चालणारा ठोकणारा रॅमर भाड्याने घेतला. दोन दिवसांचे काम नऊ दिवसांवर गेले. तिसऱ्या थराचा आकडा ८८ आला, तेव्हा मिस्त्री रागावला. थर पुन्हा फोडून, पाणी शिंपडून ठोकला, मग ९५ च्या वर गेला. त्यानंतरच्या थरांना तो स्वतःच मावसभावाला बोलावू लागला, कारण एकदा ठोकलेला थर पुन्हा फोडणे कोणालाच आवडत नाही.

आता अभ्यासिकेविषयी. तिचे जोते अडीच फुटांचे आहे, म्हणजे सुमारे पाच थर. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि स्थापत्य शाखा जिथे आहे तिथे मातीची प्रयोगशाळा असतेच. फरशी उकरण्याच्या खर्चापुढे चाचणीचा खर्च अगदीच किरकोळ आहे. थरानिहाय चाचणीची अट ठेकेदाराबरोबरच्या करारनाम्यात लिहून घ्यावी आणि थर पास झाल्यावरच त्याचे बिल निघावे, असे आम्ही कार्यकारिणीस लेखी कळविले आहे. प्रॉक्टर चाचणीसाठी मुरमाचे एक पोते, साधारण पंचवीस किलो, खाणीवरून आधी न्यावे लागेल. ते काम आमच्याकडे आले आहे. त्यासाठी आम्ही एक किरकोळ रजा राखून ठेवली आहे, आणि खड्डा कोरताना वही धरायला अकरावी-बारावीचे दोन विद्यार्थी सोबत आले तर बरे होईल.